मोठं इंजिन, जुनी जीप आणि पीयूसीचा कागद

आमच्या मामांकडे १९९४ सालची महिंद्रा एमएम ५४० जीप आहे. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात तिला न ओळखणारं कोणी नाही. कापसाचे गठ्ठे, तुरीची पोती, रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायची बाळंतीण, सगळं तिनं वाहिलं. २०२१च्या पावसाळ्यात तिच्या इंजिनाचा ब्लॉक तडकला. मिस्त्रीनं भंगारात पडलेल्या दुसऱ्या एका जीपचं इंजिन आणून बसवलं. मूळ इंजिन २११२ सीसीचं होतं, आणलेलं २५२३ सीसीचं. सीसी म्हणजे इंजिनाच्या सगळ्या सिलिंडरांत मिळून मावणारी जागा. जागा वाढली, ताकद वाढली, भरल्या गाडीनं घाट चढणं सोपं झालं.

पुढची तीन वर्षं मामांनी दर सहा महिन्यांनी पीयूसी काढली. दरवेळी पास. २०२४ मध्ये नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी परिवहन कार्यालयात नेली, तपासणाऱ्या साहेबांनी बॉनेट उघडलं, इंजिनावरचा नंबर पुसून पाहिला, हातातल्या कागदाशी ताडला, आणि फाईल परत दिली.

मामा घरी आले ते एकच वाक्य घेऊन. "धूर पास हाय, तं गाडी नापास काहून?"

त्या वाक्यावर मी बराच वेळ घालवला आहे. २०२५ मध्ये राज्यात 'नो पीयूसी, नो फ्युएल'ची घोषणा झाली तेव्हापासून गावोगावी जुन्या जीपवाल्यांच्या तोंडी हाच प्रश्न आहे: इंजिन बदललेली गाडी पीयूसीत बसते का? मोठ्या इंजिनाला वेगळी मर्यादा असते का? या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न गुंतलेले आहेत, एक धुराचा आणि एक कागदाचा. आधी धुराचा घेतो, कारण त्याच्याविषयीच जास्त गैरसमज आहेत.

मशीन काय मोजतं?

पीयूसी म्हणजे गाडीचं प्रदूषण नियंत्रणात असल्याचा दाखला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला नियम ११५ त्याचा आधार. नवी गाडी नोंदवल्यावर पहिलं वर्ष तो लागत नाही. पुढे जुन्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी, आणि बीएस-४ व बीएस-६ गाड्यांना वर्षातून एकदा काढावा लागतो. बीएस म्हणजे भारत स्टेज, कारखान्यातून निघणाऱ्या गाडीनं किती धूर सोडावा याची सरकारी पायरी. बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून लागू झाली, बीएस-६ १ एप्रिल २०२० पासून. मामांची जीप या सगळ्या पायऱ्या सुरू होण्याच्याही आधीची.

पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून मशीन त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड किती टक्के आहे आणि न जळलेल्या इंधनाचे कण दहा लाखांत किती आहेत, हे सांगतं. डिझेल गाडीचा धूर एका नळकांड्यातून जातो, एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारं यंत्र. धुरानं किती प्रकाश अडवला, त्यावरून आकडा येतो. धुळीच्या वावटळीत टॉर्च लावला की उजेड कुठवर पोहोचतो, तसंच.

इंजिन किती मोठं आहे हे यातलं कुठलंच मशीन विचारत नाही.

वरणाचा गंज आणि चमचा

आमच्याकडे स्वयंपाकाच्या मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात. पंगतीचं वरण मोठ्या गंजात, घरचं लहान गंजात. वरण खारट झालं का हे बघायला चमचाभर वरण जिभेवर ठेवलं की पुरतं. गंज मोठा आहे म्हणून वरण खारट होत नाही. मिठाचं प्रमाण बरोबर असेल तर शंभर माणसांचं वरणही गोड लागतं, आणि हात चुकला तर दोघांचंही तोंडात घालवत नाही.

पीयूसी हा चमचा आहे. त्याला धुरातलं घाणीचं प्रमाण कळतं, एकूण घाण कळत नाही. म्हणून २५२३ सीसीचं नीट ठेवलेलं इंजिन आरामात पास होतं आणि ८०० सीसीची कुरकुरणारी मोटार नापास होते.

एकूण मीठ तोलणारी परीक्षा वेगळी असते आणि ती एकदाच, गाडीचं मॉडेल बाजारात येण्याआधी होते. पुण्याची एआरएआय किंवा हरियाणातल्या मानेसरची आयकॅट यांसारख्या संस्था नमुना गाडी रोलरवर चालवतात, सगळा धूर गोळा करतात आणि दर किलोमीटरला किती ग्रॅम घाण निघाली ते मोजतात. बीएस-४ डिझेल मोटारीला काजळीची मर्यादा किलोमीटरला ०.०२५ ग्रॅम होती, बीएस-६ मध्ये ती ०.००४५ ग्रॅमवर आली. या परीक्षेत गाडीचं वजन, इंजिनाचा आकार, गिअर, सायलेन्सरमधली जाळी, सगळं एकत्र तपासलं जातं आणि त्या जोडीला मंजुरी मिळते. गावातल्या गॅरेजमध्ये इंजिन बदलतं तेव्हा ही मंजूर जोडी मोडते, आणि तालुक्याच्या पंपावरच्या चमच्याला ते कळत नाही.

मामांच्या कोड्याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

डिझेलचा धूर: चूल पेटवणाऱ्याला विचारा

विदर्भात जुन्या जीपा बहुतेक डिझेलच्या, म्हणून इथे जरा थांबतो.

पऱ्हाट्या चुलीत घालून कोणी स्वयंपाक केला असेल त्याला काळा धूर का होतो हे वेगळं सांगायला नको. पऱ्हाट्या वाळलेल्या असल्या आणि खालून वारा मिळत असला तर लखलखीत जाळ होतो. एकदम भाराभर कोंबल्या, वारा अडला, की घर काळं. डिझेल इंजिनाचंही तेच आहे. आत गेलेल्या डिझेलला पुरेशी हवा मिळाली नाही की अर्धवट जळलेला कार्बन काजळी होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतो.

मग धूर बिघडवणारी पहिली जागा हवेची. मोठं इंजिन बसवलं की हवेचं काय होतं? साधा हिशेब आहे. चार धक्क्यांचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोटभर श्वास घेतं. मिनिटाला २००० फेरे चालू असताना २११२ सीसीचं इंजिन मिनिटाला जास्तीत जास्त २११२ लिटर हवा ओढतं आणि २५२३ सीसीचं २५२३ लिटर. जवळपास वीस टक्के जास्त. (टर्बो असेल तर याहून किती तरी अधिक.) आता मिस्त्रीनं इंजिन बदललं पण एअर फिल्टर जुन्या इंजिनाचाच ठेवला, हवेची रबरी नळी जुनीच, सायलेन्सरचा पाईप तेवढाच बारीक. म्हणजे चूल मोठी बांधली आणि वाऱ्याची वाट तेवढीच ठेवली. त्यात आपल्याकडे जिनिंगच्या रस्त्यावर कापसाचं तूस उडतं, उन्हाळ्यात पांढरी धूळ. ऑइल बाथ फिल्टरमधलं तेल महिन्याभरात चिखलासारखं होतं.

दुसरी जागा इंजिनात डिझेल सोडणारा पंप. पीयूसीत डिझेल गाडीची तपासणी अशी होते: गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चांगलं तापलेलं, म्हणजे ऑइल किमान ६० अंशांवर, आणि मग ॲक्सिलरेटर झटकन पूर्ण दाबून सोडायचा, असं अनेकदा. दाबल्याबरोबर पंप त्याला जमेल तेवढं जास्तीत जास्त डिझेल आत फेकतो, आणि इंजिनाचा वेग अजून चढायचा असतो, त्यामुळे हवा मागे राहते. नेमक्या त्या क्षणाचा धूर मशीन पकडतं. पंपाचं हे 'जास्तीत जास्त' एका स्क्रूवर ठरतं. पिकअप वाढवून देतो म्हणून मिस्त्री तो स्क्रू फिरवतात. गाडी हलकी वाटते खरी, पण वाढलेल्या डिझेलचा बराचसा भाग रस्त्यावर काजळी होऊन पडतो आणि पैसे मालकाच्या खिशातून जातात. पंप कॅलिब्रेशनच्या दुकानात नेऊन, बसवलेल्या इंजिनाच्या मापानं बांधून घेणं आणि त्यावर सील लावून घेणं, हा खर्च मला कधीच वाया गेलेला दिसला नाही.

तिसरी जागा नोझल. डिझेल तुषार होऊन उडालं पाहिजे, थेंब पडू लागले की काळा धूर आलाच.

धुराचा रंगही बोलतो. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळसर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेले. इंजिन तापल्यावरही पांढरा येत राहिला तर टाईमिंग मागे आहे किंवा पाणी सिलिंडरमध्ये उतरतंय. निळ्या धुराचं इंजिन भंगारातून उचलून आणलं असेल तर पंप कितीही बांधा, ते सुधारणार नाही, आधी इंजिन खोलावं लागेल.

मर्यादेचा आकडा जुन्या डिझेल गाड्यांना ६५ हार्ट्रिज (धुरानं किती प्रकाश अडवला त्याचं माप) आहे, मशीनच्या दुसऱ्या मापात २.४५. बीएस-४ गाडीला तो ५०, म्हणजे १.६२. मामांच्या जीपला ६५च लागू, आणि निगा राखलेलं कुठलंही डिझेल इंजिन त्याच्या बरंच खाली राहतं. तपासणीला जाताना पंधरा-वीस मिनिटं गाडी रस्त्यावर नीट पळवून न्यावी, म्हणजे इंजिन तापतं आणि सायलेन्सरमध्ये साचलेली जुनी काजळी वाटेतच उडून जाते. ही चलाखी नाही. थंड इंजिनावर तपासणी करणंच मुळात चूक आहे.

पेट्रोल इंजिन असेल तर

पेट्रोलमध्ये एक किलो इंधनाला १४.७ किलो हवा हे प्रमाण सांभाळावं लागतं. कार्बोरेटरवाल्या जुन्या मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, स्क्रू नीट लावला की जमतं. बीएस-४ मोटारीला ती फक्त ०.३ टक्के, शिवाय २५०० फेऱ्यांवर पुन्हा तपासणी. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर चालू असल्याशिवाय तिथे पोहोचता येत नाही. इंजिन आणलं आणि कन्व्हर्टर आतल्या धातूसाठी भंगारवाल्याला विकला, असं ज्यांनी केलं त्यांच्या गाडीला पास होण्याचा मार्गच उरत नाही.

मर्यादा ठरते ती आरसीवरून

ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पीयूसीवाला गाडीचा नंबर टाकतो तेव्हा सरकारच्या 'वाहन' या संगणकीय नोंदीतून तिचं साल, इंधन आणि बीएस पायरी आपोआप येते. कुठली तपासणी करायची आणि कुठली मर्यादा लावायची, ते त्यावरून ठरतं. बॉनेटखाली काय आहे त्यावरून नव्हे.

१९९४च्या जीपमध्ये कालपरवाचं कॉमन रेल, म्हणजे संगणकाच्या हिशेबानं डिझेल सोडणारं, इंजिन बसवलं तरी तिला १९९४चीच सैल मर्यादा लागते. उलट जुन्या पेट्रोल अँबेसेडरमध्ये डिझेल इंजिन घातलं असेल तर संगणक पेट्रोलची तपासणी मागतो आणि समोर डिझेलचा धूर असतो. मग कोणी तरी 'जमवून देतो' म्हणतो. त्या जमवण्यात कागदावर खोटी नोंद होते, आणि ती मालकाच्या नावावर, मालकाच्या मोबाइल नंबरावर होते. २०२१ पासून दाखल्याचा नमुना देशभर एकच आहे आणि त्यावर क्यूआर कोड असतो. तो कुठलाही पोलीस शिपाई मोबाइलवर उघडून बघू शकतो.

आरसी म्हणजे गाडीचा सातबारा

आता कागदाचा प्रश्न. दोन भावांनी आपसात वावरं बदलून घेतली, दहा वर्षं ज्यानं त्यानं वाहिली, धुऱ्यावरून कधी भांडण नाही. पण फेरफार नोंदवला नाही तर सातबाऱ्यावर जुनंच नाव राहतं, आणि पीककर्जाला गेलं की बँक विचारते, हे वावर तुमचं कसं?

आरसी म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, त्यावर चेसिस नंबर, इंजिन नंबर, सीसी आणि इंधन लिहिलेलं असतं. मोठं इंजिन बसवलं की त्यातल्या निदान दोन नोंदी खोट्या ठरतात. मामांचं हेच झालं. चमच्याची चव ठीक होती, सातबाऱ्यावर नाव दुसरंच होतं.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन अधिनियम, १९८८चं कलम ५२ सांगतं की कंपनीनं मुळात जे तपशील दिले आणि आरसीवर आले, त्यांच्याशी विसंगत होईल असा बदल मालकानं करू नये. सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांसाठी मंजूर किट बसवायला त्यात वाट ठेवली आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हीच भूमिका पक्की केली. इंजिन मंजुरीशिवाय बदललं गेलं असेल तर १४ दिवसांच्या आत आपल्या परिवहन कार्यालयाला कळवून आरसी नोंदीसाठी द्यावी, असंही हेच कलम सांगतं. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्याची लेखी संमती आधी लागते.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ सांगतो, कारण गोड बोलून कोणाचं भलं होणार नाही. तडकलेल्या इंजिनाच्या जागी त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं, तेवढ्याच सीसीचं, त्याच इंधनाचं इंजिन बसवणं हा नोंदवता येण्याजोगा बदल आहे. बिल, जुन्या इंजिनाचं काय केलं त्याचा कागद, गाडीची तपासणी, आणि आरसीवर नवा नंबर. याच्या पलीकडे गेलात, सीसी वाढवली, दुसऱ्या मॉडेलचं इंजिन घातलं, इंधन बदललं, तर मंजुरीची आशा झपाट्यानं कमी होते. मामांचं इंजिन त्याच कंपनीचं होतं, डिझेलचंच होतं, पण प्रकार वेगळा आणि ४११ सीसी जास्त. कंपनीनं त्या मॉडेलला दिलेल्या तपशिलात ते कुठेच बसत नव्हतं.

दंडाचंही कलम आहे. २०१९च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

"पण बदल तर सुधारणाच आहे ना?"

हा मामांचा मुद्दा, आणि तो पोकळ नाही. जुन्या पंपाच्या इंजिनापेक्षा नवं कॉमन रेल इंजिन खरोखर कमी धूर सोडतं. मग कायद्यानं का अडवावं?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं याचं एक उत्तर काढलं आहे, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. तिथे जुन्या गाडीत मोठं इंजिन घालण्याची हौस फार, आणि धुराचे नियमही कडक. तिथला नियम असा: बसवायचं इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्याहून नवं असलं पाहिजे, आणि त्या इंजिनासोबत कंपनीनं दिलेली धूर रोखणारी सगळी साधनं, कन्व्हर्टरपासून सेन्सरपर्यंत, सोबत यायला हवीत. मग एक सरकारी तपासनीस गाडी बघतो, पटलं तर गाडीवर चिठ्ठी लावतो, आणि पुढची प्रत्येक धूर तपासणी त्या चिठ्ठीप्रमाणे, म्हणजे बसवलेल्या इंजिनाच्या मापानं होते. आपल्याकडे हौशी मालकासाठी अशी वाट नाही. माझ्या मते ती असायला हवी, निदान इंजिन मूळपेक्षा स्वच्छ असल्याचं चाचणीनं सिद्ध होत असेल तेव्हा. पण वाट नसताना ती आहे असं समजून पैसे घालू नयेत.

आणि धूर कमी झाला म्हणून सगळं झालं असंही नाही. त्या जीपचे ब्रेक, ॲक्सल, स्टिअरिंग, चेसिस जुन्या इंजिनाच्या ताकदीला मोजून केलेले आहेत. मोठ्या इंजिनानं भरली जीप आता उतारावर ज्या वेगानं येते, त्या वेगाला ते ड्रम ब्रेक बनवलेले नाहीत. मागच्या बाकावर आठ माणसं बसलेली असतात, त्यात शाळेची पोरं असतात. अपघात झालाच तर विमा कंपनी सगळ्यात आधी आरसी आणि इंजिन नंबर बघते, आणि न नोंदवलेला बदल हे दावा अडवण्याचं आयतं कारण होतं.

"खेड्यात कोन पाह्यते?"

पोलीस रोज पाहत नाहीत, खरं आहे. पण पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतन करावी लागते आणि तेव्हा बॉनेट उघडतंच. गाडी विकताना घेणारा बघतो. चोरीच्या गाडीचं इंजिन भंगारात येऊन आपल्या जीपमध्ये बसलं असेल तर तो नंबर कुठे ना कुठे नोंदलेला असतो. बिलाशिवाय इंजिन घेऊ नका हे मी कायद्याच्या भीतीपेक्षा या एका कारणासाठी जास्त कळवळून सांगतो.

धुराचंही तसंच आहे. नागपूर, अमरावती, अकोला, चंद्रपूर ही आपली चार शहरं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहेत. खेड्यात मोजणारं यंत्र नाही, एवढाच फरक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत घातला. हिवाळ्याच्या सकाळी एसटी थांब्यावर जीप चालू ठेवून सवारीची वाट बघणाऱ्यांच्या मागे कोण उभं असतं, ते बघावं. शाळेची पोरं असतात. चमच्याला नायट्रोजनचे ऑक्साइड कळतच नाहीत, पीयूसी ते मोजतच नाही. म्हणून पास झालेला कागद म्हणजे स्वच्छ धूर, असंही धरून चालू नये. हवेच्या प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्याबद्दल कलम १९०(२) मध्ये पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र, अशी तरतूद आहे.

कॉमन रेलवालं इंजिन आणायचं असेल तर

तरुण पोरांची हौस हल्ली इथे आहे: स्कॉर्पिओचं २१७९ सीसीचं एमहॉक इंजिन जुन्या जीपमध्ये. नुसतं इंजिन उचलून आणून ते चालत नाही. त्याचा संगणक, वायरिंगचा पूर्ण गुच्छ, इलेक्ट्रॉनिक ॲक्सिलरेटर, हवा मोजणारा सेन्सर, इंटरकूलर, धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह, कन्व्हर्टर, सगळं लागतं. ईजीआर बंद करून, सेन्सर फसवून गाडी चालवून देणारे आहेत. असली गाडी जुन्या मर्यादेत पासही होते, पण जे इंजिन स्वच्छ म्हणून आणलं त्याची स्वच्छता मग उरत नाही. आणि आरसीचा प्रश्न जिथल्या तिथेच राहतो.

इंजिन उचलण्याआधी

क्रम महत्त्वाचा आहे. आधी आरसी काढून सीसी, इंधन आणि साल बघा. मग कुठलं इंजिन घालायचं आहे ते कागदावर लिहून परिवहन कार्यालयात अर्ज द्या आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी 'होऊन जाईल'वर जाऊ नका, पुढच्या वेळी तिथे साहेब दुसरे असतात. मंजुरी मिळाली तर बिलासह इंजिन घ्या, त्याच इंजिनाचा एअर फिल्टर, पंप आणि सायलेन्सर सोबत घ्या, बसवून झाल्यावर नोंद करा, आणि पीयूसी सगळ्यात शेवटी.

मामांनी काय केलं ते सांगतो. जुनं इंजिन नशिबानं त्यांनी विकलं नव्हतं, गोठ्यात पोत्याखाली पडून होतं. यवतमाळच्या एका लेथवाल्यानं ब्लॉकची तड मेटल स्टिचिंगनं शिवली, नव्या स्लीव्ह टाकल्या, पंप नव्यानं बांधला. साडेतीन महिने गेले आणि मोठ्या इंजिनापेक्षा खर्च जास्त आला. आरसीवरचा आणि ब्लॉकवरचा नंबर आता एक आहे. घाटात जीप पुन्हा दुसऱ्या गिअरमध्ये चढते, आणि मामा भरताना दोन पोती कमी भरतात.